चौथीच्या वर्गातला रोवणा

भंडाऱ्याला निघाले म्हटल्यावर आमच्या सोसायटीतल्या एकीनं विचारलं, "नातेवाईक आहेत का तिकडे?" नाही म्हटलं तर म्हणाली, "मग?" त्या 'मग'चं उत्तर मला तेव्हा धड देता आलं नाही. आता परत येऊन महिना होत आला. विचारत कुणी नाही, आणि मी मात्र दिसेल त्याला धरून सांगत सुटले आहे.

माझा धंदा चित्रं हलवण्याचा. मुलांसाठी दोन-तीन मिनिटांच्या ॲनिमेशन फिल्म करते. पुण्यातल्या दोन खोल्यांच्या घरात, पडदे ओढून, संगणकासमोर बसून मी आजवर कितीतरी हत्ती पळवले आणि ढगांना रडवलं. पण ते बघून एखादं पोर हसलं की जांभई देऊन उठून गेलं, हे मला कधी कळलं नाही. फिल्म पाठवायची, 'छान झाली' असा निरोप यायचा, संपलं. मला मूलबाळ नाही. भाचरं होती ती मोठी होऊन दूरदेशी गेली. खरं सांगते, या सगळ्या वर्षांत मला एकाच गोष्टीची ओढ होती. आपली फिल्म चालू असावी आणि आपण पडद्याकडे पाठ करून मुलांची तोंडं बघत बसावं.

म्हणून रामटेके मॅडमचा फोन आला तेव्हा मी लगेच 'हो' म्हणून मोकळी झाले. सानगडीच्या अलीकडे एका लहान गावात त्या चौथीचा वर्ग शिकवतात. मुलांसाठी त्यांनी गावातल्याच कामांवर छोटे उतारे लिहिले होते. उन्हाळी धानाच्या रोवण्यावरचा, म्हणजे भातलावणीवरचा, उतारा त्यांनी मला पाठवला आणि म्हणाल्या, "यावर फिल्म करा, अन् घेऊन तुम्हीच या. माझी पोरं वाचतात हो ताई, धडाधड वाचतात. फक्त काय वाचलं ते नका विचारू."

साकोलीवरून आत

साकोलीच्या स्टँडवर मॅडम स्कूटी घेऊन उभ्या होत्या. माझी बॅग पायाशी, मी मागे, आणि माझ्या मांडीवर बाजाराची पिशवी, अशी आमची वरात निघाली. मोहाची झाडं पानं गाळत होती. रस्त्याच्या एका बाजूला वाळलेली धसकटं आणि दुसऱ्या बाजूला कालव्याच्या पाण्यानं भरलेल्या बांध्या, म्हणजे चारी बाजूंनी बांध घातलेले भाताचे तुकडे. आमच्याकडे फेब्रुवारीत पाणी म्हटलं की टँकरची वेळ विचारतात. इथं भर फेब्रुवारीत आभाळ बांधीत उतरून बसलं होतं.

माझी सोय शाळेत खिचडी शिजवणाऱ्या सुशीलाबाईंकडे केली होती. दोन खोल्या, पुढं सारवलेलं अंगण, कोपऱ्यात पोपटाच्या शेंगांचा वेल. त्यांच्याकडे त्यांची पुतणी राहत होती, प्राची. चौथीतली, दोन वेण्या, पुढचा एक दात अर्धा आलेला. तिचे आई-बाप दोघंही तेलंगणात मिरची तोडायला गेले होते आणि ते एकदम एप्रिलात येणार होते. प्राची सुशीलाबाईंना 'मोठाई' म्हणायची. तिकडे थोरल्या काकूला तसंच म्हणतात. हा शब्द मला इतका आवडला की दुसऱ्या दिवसापासून मीही त्यांना मोठाईच म्हणू लागले, आणि त्यांना त्याचं हसूच येत राहिलं.

जेवायला भात, तळ्यातले सुकवलेले झिंगे, म्हणजे बारीक कोळंबी, घातलेली वांग्याची भाजी आणि लाखोरीच्या डाळीचे वडे. मी आपली सवयीनं पोळीची वाट बघत थांबले. मोठाई म्हणाली, "पोळी पायजे का तुमाले? आजारी आहा का?" त्यांच्याकडे पोळी बहुतेक आजाऱ्याला किंवा पाहुण्याला. मी मुकाट्यानं भात कालवला, आणि तीनदा घेतला.

हात धुतेय तोच फोन वाजला. प्राचीनं तो जवळजवळ झडप घालून घेतला. पलीकडे तिची आई. 'कशी आहेस, जेवलीस का' सगळं दोन वाक्यांत उरकून पोरीनं मराठीचं पुस्तक उघडलं, फोन स्पीकरवर टाकला आणि कावळ्याच्या गोष्टीचा एक अख्खा धडा वाचून काढला. कुठं अडखळणं नाही, श्वास घ्यायलासुद्धा थांबणं नाही. पलीकडून अधूनमधून नुसतं 'हं' यायचं. आईला वाचता येत नाही; दर संध्याकाळी एक धडा ऐकायचा, असा दोघींचा रिवाज होता.

"रेडिओवर बोलवतील हिला," मी म्हटलं.

"मंग! गावात कोनाचा कागद आला तं आमची प्राचीच वाचून देते," मोठाई कौतुकानं म्हणाली.

फोन झाल्यावर मी सहज विचारलं, "मग त्या कावळ्यानं भाकरी परत का केली गं?" प्राचीनं माझ्याकडे पाहिलं, पुस्तकाकडे पाहिलं. मग म्हणाली, "पुढचा वाचू का?"

चौकडी

रामटेके मॅडमच्या वर्गात बाक नाहीत, सतरंज्या आहेत, आणि मुलं ओळीत न बसता चौघाचौघांची कोंडाळी करून बसतात. त्याला त्या चौकडी म्हणतात. एका उताऱ्याचे त्या चार तुकडे करतात आणि चौकडीतल्या प्रत्येकाला एकेक चिठ्ठी देतात. आपली चिठ्ठी आपणच वाचायची, दुसऱ्याला दाखवायची नाही, आणि त्यात काय आहे ते आपल्या शब्दांत बाकीच्या तिघांना सांगायचं. चारही तुकडे कळले की मग सगळ्यांनी मिळून त्याचं एक चित्र काढायचं. म्हणजे एकाला समजलं नाही तर चौघांचं चित्र अडतं. हुशार पोरगं एकट्यानं पुढं पळू शकत नाही, त्याला बाकीच्यांसाठी थांबावंच लागतं. मी शाळेत असताना शेजारणीला उत्तर सांगितलं म्हणून छड्या खाल्ल्या होत्या. इथं सांगितलं नाही तर रागवत होते.

रोवण्याचा उतारा होता. प्राचीला तिसरी चिठ्ठी आली. तिनं ती खणखणीत वाचली.

"वाचू नोको, सांग," चौकडीतला चेतन म्हणाला.

तिनं पुन्हा वाचली, आधीपेक्षा भराभर.

"अवं, सांग ना! काय करते त्या बाया?"

तिसऱ्यांदा वाचताना तिचा आवाज बारीक झाला. बाकीच्या चौकड्या रंगपेट्या उघडून बसल्या होत्या. यांच्या कागदावर पाण्याची निळी रेघ, एक बैल आणि मध्ये मोठी मोकळी जागा. चौकडीतली रोहिणी उठली आणि प्राचीकडे बोट करून सरळ म्हणाली, "मॅडम, आमाले दुसरी पोट्टी द्या."

पोरं असं बोलतात आणि पाच मिनिटांनी विसरतात. पण ज्याला बोलतात तो विसरत नाही. मधल्या सुट्टीत मी हातपंपावर बाटली भरत होते, तर प्राची मागून येऊन उभी राहिली.

"ताई, तुमी आईले सांगान का?"

"काय सांगू?"

"मले समजत नाही म्हून. आईले वाटते मले समजते." मग पंपाच्या दांड्याकडे बघत म्हणाली, "नोका सांगू जी. ती तिकडं कोनालेबी सांगते, माही पोरगी वाचते म्हून."

मी 'नाही सांगणार' म्हटलं. नऊ वर्षांच्या पोरीनं हे किती दिवस एकटीनं सांभाळलं असेल, या विचारानं मला त्या दुपारी खिचडी गेली नाही.

माझी फिल्म

दुसऱ्या दिवशी खिडक्यांना सतरंज्या टांगल्या आणि वर्ग अंधारा केला. तेवढ्यात लाइट गेली. मग प्रोजेक्टर बाजूला ठेवून लॅपटॉप स्टुलावर मांडला आणि सगळी पोरं एकमेकांच्या खांद्यांवर हनुवट्या टेकून त्याच्याभोवती जमली. मी फिल्म सुरू केली आणि इतकी वर्षं मनात धरलेलं केलं: पडद्याकडे पाठ करून मुलांसमोर बसले.

काय सांगू! उजेड त्यांच्या तोंडांवर हलत होता. नांगरणीला त्यांचे डोळे मोठे झाले, पाणी सोडलं तेव्हा दोघंतिघं नकळत पुढं सरकली. मग रोवण्याचा प्रसंग आला आणि अख्खा वर्ग खो खो हसला.

मी तिथं हसण्यासारखं काही ठेवलं नव्हतं.

"बाई आपलेच पऱ्हे तुडवून राहिली!" चेतन ओरडला. पऱ्हे म्हणजे धानाची रोपं. मी वळून पाहिलं. माझ्या तीन बाया लाल लुगडी नेसून, कमरेत डौलदार वाकून, एकेक रोप लावत पुढं पुढं चालल्या होत्या. लावलेल्या रोपावर पाय, पुन्हा रोप, पुन्हा पाय. चालीचा तो डौल साधायला मला आठवडा लागला होता.

"मग कसं लावतात?" मी विचारलं, आणि पोरं एकमेकांच्या अंगावर पडून हसली.

प्राची हसत नव्हती. तिनं दप्तरातून कालची चिठ्ठी काढली होती. लॅपटॉपच्या उजेडात धरून ती त्यावर बोट फिरवत होती. पडद्याकडे बघायची, बोटाकडे बघायची, पुन्हा पडद्याकडे. हसणं ओसरलं तेव्हा ती म्हणाली, "मॅडम, यात लिवलं हाये." आणि वाचू लागली. पण कालच्यासारखं नाही. एकेक शब्द हातानं चाचपून पाहावा तसं. "बाया... वाकून... मागे मागे... सरकतात." ती थांबली. "मागं सरकते, म्हून समोरच्या पऱ्ह्यावर पाय नाही पडत." चेतनकडे बघून तिनं मान हलवली. मग माझ्याकडे वळली. "ताई, तुमी हे वाचलं नोतं का?"

वाचलं होतं. चांगलं चार वेळा वाचलं होतं, खाली पेन्सिलीनं रेघसुद्धा मारली होती. 'मागे मागे सरकतात' वाचून मी पुढं चालणाऱ्या बाया काढल्या. वाचणारे माझे डोळे होते, डोकं दुसरीकडेच होतं.

"वाचलं होतं गं," मी म्हटलं. "समजलं नव्हतं."

प्राचीच्या चेहऱ्यावर जे आलं ते मला अजून दिसतं. परक्या गावच्या बाजारात अचानक आपल्या गावचं माणूस भेटावं, तसं ती माझ्याकडे बघत राहिली.

कालव्याखालची बांधी

खरं-खोटं करायला मॅडमनी तिसऱ्या दिवशी सगळा वर्गच बांधीवर नेला. प्रत्येक चौकडीकडे उतारा आणि पेन्सिल. बांधावर उभं राहून एकेक वाक्य वाचायचं, समोर तसं चाललंय का बघायचं, चालत असेल तर खूण करायची. सात-आठ बाया ओळीनं रोवत होत्या, डाव्या हातात पऱ्ह्यांची जुडी, आणि उजवा हात चिखलात जात-येत होता. आणि सगळ्या, अर्थातच, मागे सरकत होत्या.

एकीनं मला हाक दिली, "या ना ताई, पाहा लावून." मी चपला बांधावर काढल्या, साडी खोचली आणि उतरले. चार रोपं लावली, पाचव्याला मागचा पाय चिखलातून निघेना आणि मी बसकण मारली. वर्गाचा आनंद काय वर्णावा! दोन्ही बाजूंनी बायांनी धरून उठवलं. त्यांतली एक म्हातारीशी बाई म्हणाली, "मागं सरकलं की आपलं काम आपल्या डोळ्यासमोर राहते. वाकडी ओळ झाली तं लगेच दिसते. पुढं चालनाऱ्याले काय दिसते?" फिल्म काढायच्या आधी मी हिला भेटायला हवं होतं.

मग ती बांधावरच्या पोरांकडे बघत मला म्हणाली, "हिची माय असती तं तुमाले शिकवली असती. तिची ओळ दोरी लावल्यावानी." हिची म्हणजे प्राचीची. परतताना माझा हात धरून तिनं बायांच्या ओळीकडे बोट केलं. "इकडून तिसरी. थे आईची जागा हाये." त्या जागी दुसरी कुणी रोवत होती. प्राची दोन-तीनदा मागे वळून बघत राहिली, आणि मी चालण्याचा वेग कमी केला.

अड्याळवरून पवनीला

रविवारी मॅडम मला त्यांच्या माहेरी पवनीला घेऊन गेल्या. वाटेत अड्याळला चहा घेतला. साखर इतकी की चमचा उभा राहावा. पवनीत जुन्या किल्ल्याच्या दरवाजातून आत गेलो, टेकडीवरच्या स्तूपाचे अवशेष पाहिले आणि मग वैनगंगेच्या घाटावर जाऊन बसलो. नदी रुंद, संथ. माझ्या मुठा नदीची मला लाज वाटली.

तिथं मॅडमनी त्यांच्या आजोबांचं सांगितलं. छप्पन साली धम्म घेतल्यानंतर ते मोठ्या वयात अक्षरं शिकले. दिवसा शेतात मजुरी, संध्याकाळी कंदिलाशी वाचन. प्रत्येक ओळ ते दोनदा वाचत. एकदा मोठ्यानं, मग ओठ मिटून. विचारलं की म्हणत, "पहिल्यांदा तोंडासाठी, दुसऱ्यांदा माह्यासाठी."

"माझ्या पोरांचं पहिलं झालंय," मॅडम म्हणाल्या. "दुसऱ्यासाठी कोणी थांबलंच नाही त्यांच्याजवळ. शाळेनं वाहवा केली, घरानं वाहवा केली, सुटलो." पाण्याकडे बघत पुढं म्हणाल्या, "जूनमध्ये पाचवीला ती दुसऱ्या शाळेत जातात. माझ्याकडे तीन महिने उरले." नेहमी हसणारी बाई, पण हे बोलताना हसली नाही.

कागदाच्या बाया

माझी फिल्म मी रद्द केली. उरलेल्या चार दिवसांत पोरांनीच नवी करायची ठरली. खिचडीच्या तांदळाचं रिकामं पोतं पसरलं, तो चिखल. कागद कापून बाया, हिरव्या दोऱ्यांचे पऱ्हे. दोन खुर्च्यांवर पट्टी आडवी टाकून तिला मॅडमचा फोन बांधला. बाई चिमटीभर सरकवायची, फोटो. पुन्हा सरकवायची, फोटो. मग ते सगळे फोटो भराभर दाखवले की बाई चालते. हे पहिल्यांदा दिसलं तेव्हा पोरांनी केलेला गिल्ला ऐकून शेजारच्या वर्गातले सर काठी घेऊन आले आणि काठी टेकवून तिथंच बघत बसले.

नियम एकच. फोटो घेण्याआधी चौकडीनं ते वाक्य आपल्या शब्दांत सांगायचं, आणि चौघांच्या माना हलल्याशिवाय बोट लावायचं नाही. 'जुडी सोडून दोन-तीन पऱ्हे एका जागी खोचतात' या एका वाक्यावर अर्धा तास भांडण झालं. जुडी सोडतात म्हणजे टाकून देतात का बांधलेली मोकळी करतात? रोहिणी टाकून देण्याच्या बाजूची होती. प्राची म्हणाली, "टाकली तं लावन काय? खालचं वाक्य पाह्य." रोहिणीनं खालचं वाक्य पाहिलं आणि जुडीचा दोरा मोकळा केला. दुसऱ्या पोट्टीची मागणी तिनं नंतर केली नाही.

फिल्म पावणेदोन मिनिटांची झाली. तिच्यात चेतनचं कोपर सहा फोटोंत आलं आहे, त्यामुळे मध्येच आभाळातून एक प्रचंड हात येऊन जातो. बैलाला पाच पाय आहेत. आणि डावीकडून तिसऱ्या बाईचं लुगडं पोपटी आहे, कारण ते प्राचीनं कापलं. एवढी चांगली फिल्म माझ्या हातून आजवर झालेली नाही.

शेवटची संध्याकाळ

पुण्यात हल्ली साडेसहा वाजले की मला काम सुचत नाही. पडदा बाजूला करते, खाली मुलं खेळत असतात ती बघते. पण कान तिकडे, मोठाईच्या अंगणात असतात. तिथं त्या वेळी फोन वाजतो.

मी निघायच्या आदल्या संध्याकाळीही तो वाजला. आईचा फोन साधा, बटणांचा. तिला फिल्म पाठवता येणार नव्हती. प्राची म्हणाली, "आई, आज वाचत नाही. सांगते." आणि तिनं सांगितलं. चिखल कसा, जुडी कशी, हात कसा, पाय कुठं. मधेच पुढं चालणाऱ्या बायांची गोष्ट आली आणि पलीकडे आई खळखळून हसली. "पुढं चालून राहिली? बाप्पा! कोनं काढलं वं थे?"

"पुन्याच्या ताईनं," प्राची माझ्याकडे बघत म्हणाली. मी कान धरले.

"तुई जागा पन ठेवली आई. तिसरी."

मग आई म्हणाली, "झालं?"

"हाव, झालं."

"सांगून लवकरच सरते वं." आवाज खाली आला होता. "वाचते तं तुहा आवाज मस्त येत राहते. मी भात रांधता रांधता आयकत राहते. वाच ना."

मी शरमले. आठ दिवस मी आणि मॅडम 'वाचू नको, सांग' म्हणत होतो. त्या बाईला धड्यातलं काही नको होतं, पोरीचा आवाज हवा होता, जितका वेळ मिळेल तितका.

प्राचीनं उतारा घेतला, फोन गुडघ्यावर ठेवला आणि वाचायला लागली. पहिलं वाक्य झालं आणि ती थांबली. ओठ मिटलेले, बोट त्याच ओळीवरून पुन्हा फिरत होतं. दुसरं वाक्य. पुन्हा थांबली. तिसऱ्याला जरा जास्तच.

"हॅलो? प्राची? नेटवर्क गेलं का वं? हॅलो?"

"नाही आई, आहो मी," प्राची म्हणाली. "समजून घेऊन राहिली."

पलीकडे भाताचं झाकण वाजलं.

"घे, बाई. सावकाश घे. मी आहो इथंच."